छापण्यापूर्वीचे गुण

सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून चालत आलेले कापडाचे एक दुकान आहे. गादीच्या उजव्या हाताला एक जुने सागवानी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात कीर्द आणि खतावण्या, मधल्या कप्प्यात लग्नाच्या बस्त्यांच्या वह्या आणि खालच्या कप्प्यात गेली काही वर्षे एक निळी फाईल असते. वह्या आप्पांच्या, फाईल सूनबाईंची. आप्पांचे वय आता ७६. दुकानाचा दैनंदिन कारभार चिरंजीवांकडे सोपवून पुष्कळ दिवस झाले, तरी सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी गल्ला मोजताना ते गादीवर असतातच.

निळ्या फाईलीत दुकानाच्या जाहिरातींची कात्रणे आहेत आणि प्रत्येक कात्रणाला एक गुणपत्रक टाचलेले आहे. शाळेतल्या मुलाला द्यावेत तसे जाहिरातीला गुण दिलेले. तेही जाहिरात छापून आल्यावर नव्हे, छापण्यापूर्वी.

ही पद्धत या घरात आली ती सूनबाईंबरोबर. लग्नापूर्वी त्या पुण्यातील एका जाहिरात संस्थेत चार वर्षे नोकरीस होत्या. तेथे कोणताही मजकूर ग्राहकाकडे जाण्यापूर्वी दोन-तीन जण स्वतंत्रपणे त्याला गुण देत आणि ठरलेल्या आकड्याच्या खाली असलेला मजकूर परत लिहिणाऱ्याच्या टेबलावर जाई. सांगलीला आल्यावर त्यांनी पाहिले ते वेगळेच. वर्तमानपत्राचा प्रतिनिधी शुक्रवारी दुपारी दुकानात येई, चहा होई, मागील वर्षीचे कात्रण काढले जाई, तारीख आणि टक्के बदलले जात आणि चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी रविवारची जाहिरात तयार होई. सूनबाई काही दिवस गप्प राहिल्या. मग एके दिवशी त्यांनी खतावणीतील ‘जाहिरात खर्च’ हे खाते उघडून वर्षाची बेरीज केली आणि आप्पांपुढे ठेवली. त्या एवढेच म्हणाल्या, “आप्पा, ताका घेताना तुम्ही पोत बोटांनी चोळून पाहता, पन्हा मोजता, मीटरमागे आठ आण्यांसाठी सुरतेला तीनदा फोन करता. हा एवढ्या पैशांचा माल मात्र आपण न पाहताच उचलतो.”

व्यापाऱ्याला पटणारी भाषा हीच. आप्पांनी त्याच आठवड्यात गुणपत्रकाला संमती दिली.

गुणपत्रक साधे होते. पाच बाबी, प्रत्येकी २० गुण. शीर्षक वाचून माणूस थांबेल का. जाहिरात एकच गोष्ट सांगते की चार सांगते. भाषा घरातल्या सर्वांना समजेल का. किंमत आणि मालाचा तपशील स्पष्ट आहे का. आणि वाचणाऱ्याने पुढे काय करायचे, कोठे व केव्हा यायचे, हे सांगितले आहे का. तिघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे, सरासरी काढायची आणि ती ७५ च्या खाली असेल तर जाहिरात पाठवायची नाही.

पहिला घाव आप्पांच्याच वाट्याला आला. ‘वस्त्रवैभवाची अपूर्व पर्वणी’ हे शीर्षक त्यांच्या वडिलांनी योजलेले होते आणि अनेक वर्षे दर पाडव्याला छापले जात होते. सूनबाईंनी त्याला २० पैकी ६ गुण दिले. आप्पा दिवसभर बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी कारण विचारले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या की, शब्द सुंदर आहेत, परंतु साडी की सतरंजी, हे त्यातून कळत नाही. आप्पांच्या पत्नी वाढता वाढता हसल्या आणि प्रश्न तेथेच मिटला. त्या वर्षी शीर्षक बदलले, आहेराच्या साड्यांचे दर जाहिरातीत प्रथमच आकड्यांत आले आणि पाडव्याला दुकानात आलेल्या अनेकांनी तेच आकडे तोंडाने सांगितले. गुणपत्रकाची दुकानात पत वाढली.

आपल्याकडे ही कल्पना नवी वाटली, तरी तिचा उगम बराच जुना आहे आणि गंमत म्हणजे तो एका हिशेबनिसाच्या टेबलाजवळ सापडतो. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा गृहस्थ ग्रँड रॅपिड्स येथील गालिचे झाडण्याची यंत्रे करणाऱ्या बिसेल कंपनीत वह्या लिहीत असे. तेथून तो जाहिरातींकडे वळला, पण हिशेबाची सवय सुटली नाही. १९२३ मध्ये त्याने ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. जाहिरातीत कापून पाठवायचे एक कूपन द्यायचे, प्रत्येक मजकुराच्या कूपनावर वेगळी खूण ठेवायची, परत आलेली कूपने मोजायची आणि खर्चाला त्या संख्येने भागायचे. कोणत्या मजकुराने एक गिऱ्हाईक किती पैशांत आणले, हे समोर येते. आधी थोड्या गावांत थोडा पैसा घालून पाहायचे आणि उत्तर मिळाल्यावरच मोठा खर्च करायचा. हॉपकिन्सचे गुण गिऱ्हाइकाने दिलेले असत. पुढे डॅनियल स्टार्च या मानसशास्त्रज्ञाने वाचकांपुढे छापलेला अंक उघडून विचारण्याची रीत रुजवली. जाहिरात पाहिल्याचे आठवते का, ती कोणाची होती हे लक्षात आले का आणि मजकूर निम्म्याहून अधिक वाचला का, या तीन प्रश्नांची तो टक्केवारी काढी. तीही छापल्यानंतरचीच. छापण्यापूर्वी चार माणसांनी बसून दिलेले गुण ही त्यामानाने नाजूक वस्तू आहे, कारण त्यात गिऱ्हाईक अजून आलेलेच नसते. त्याला माप म्हणण्यापेक्षा शिस्तीने नोंदवलेले मत म्हणणे अधिक बरोबर.

हॉपकिन्सची हकीकत सूनबाईंनी एकदा जेवणाच्या वेळी सांगितली, तेव्हा आप्पा किंचित हसले आणि म्हणाले, “हे तर आम्ही केलंय.” त्यांच्या तरुणपणी दुकानाची हँडबिले निघत. एका हंगामात त्यांनी एक मजकूर पिवळ्या कागदावर आणि दुसरा गुलाबी कागदावर छापून घेतला. दोन्ही रंगांची सारखीच हँडबिले तासगावच्या आणि मिरजेच्या आठवडी बाजारांत वाटली. हँडबिल घेऊन येणाऱ्यास खरेदीवर एक खण भेट. आलेली हँडबिले गादीजवळच्या तारेत ओवली जात आणि संध्याकाळी रंगांप्रमाणे मोजली जात. गुलाबी कागदावर दर लिहिलेले होते, पिवळ्यावर दुकानाची थोरवी. तारेवर गुलाबी रंगच अधिक दिसे. आप्पांनी त्याचे नाव काही ठेवले नव्हते. पुढे हँडबिले बंद झाली, वर्तमानपत्राची जाहिरात आली आणि मोजण्याची ती तारही नाहीशी झाली. सूनबाईंनी हे ऐकून हातातला घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

भाषेच्या गुणांची मात्र मोठी अडचण झाली. पुण्याच्या संस्थेत इंग्रजी मजकुराची सुलभता संगणकच काढून देई. त्यामागचे सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांचे. व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले हे विद्वान. त्यांनी १९४८ मध्ये मांडलेले सूत्र असे, की २०६.८३५ या आकड्यातून दोन वजाबाक्या करायच्या. वाक्यातील शब्दांची सरासरी गुणिले १.०१५ ही पहिली आणि शब्दातील उच्चारखंडांची सरासरी गुणिले ८४.६ ही दुसरी. उत्तर ६० ते ७० च्या दरम्यान आले तर मजकूर सामान्य माणसाला सहज वाचता येईल असा मानायचा. इंग्रजीत लांब शब्द बहुधा पुस्तकी आणि आखूड शब्द बहुधा घरगुती असतात, म्हणून हे गणित पुष्कळदा जमते. मराठीत शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटतात. ‘बाजारपेठेतल्या’ या शब्दात सात अक्षरे आहेत आणि तो भाजी विकणाऱ्या बाईलाही कळतो. ‘ऊर्णा’ या शब्दात दोनच अक्षरे आहेत आणि लोकर विकणाराही त्यावर अडखळतो. शिवाय या सूत्राला अर्थ दिसत नाही. वाक्यातले सगळे शब्द उलट्या क्रमाने लिहिले तरी गुण तेवढेच येतात. सूनबाईंनी तो नाद सोडला आणि भाषेचे २० गुण माणसांच्याच हाती ठेवले. कोणती माणसे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मग तीन वर्षांपूर्वीची लग्नसराई आली.

रविवारच्या अर्ध्या पानासाठी दोन मजकूर तयार होते. पहिला वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीने लिहून आणलेला. ‘५०’ हा आकडा तळहाताएवढा, त्याशेजारी ‘टक्क्यांपर्यंत सूट’ ही अक्षरे बारीक आणि खाली ‘सर्व साड्यांवर’. दुसरा आप्पांनी आपल्या हाताने लिहिला होता. आहेराच्या साड्यांवर १० टक्के, काठपदरावर १५ टक्के सवलत आणि मागील हंगामातील ११ साड्या निम्म्या किमतीत, असे त्यात होते. तिघांनी गुण दिले. पहिल्या मजकुराला ८८ मिळाले, दुसऱ्याला ५९. गुण प्रामाणिकपणे दिले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. आप्पांच्या मजकुराला शीर्षकच नव्हते आणि तो एका दमात तीन गोष्टी सांगत होता. पत्रकाच्या पाच बाबींवर तो खरोखरच कमी भरत होता. आप्पांनी स्वतःच पहिला मजकूर पाठवायला सांगितले.

रविवारी दुकान उघडण्यापूर्वीच पायरीवर गर्दी होती. निम्म्या किमतीच्या ११ साड्या अर्ध्या तासात संपल्या. दिवसभर गल्ल्याला उसंत नव्हती. संध्याकाळच्या बेरजेने मागील दोन वर्षांतील एका दिवसाचा उच्चांक मोडला. ८८ गुणांनी आपले काम चोख केले होते, आणि पुढे जे घडले ते सांगताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास जत तालुक्यातील एका गावाहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता त्यांच्या वडिलांनी याच गादीवर बांधला होता. आप्पांनी त्यांना नावाने ओळखले, पाणी दिले. मुलीचे लग्न ठरले होते. पर्समधून त्यांनी घडी घातलेले जाहिरातीचे कात्रण काढले. त्याच्या कडेला पेनाने हिशेब मांडलेला होता. आहेराच्या २५ साड्या, मागील वर्षीचा दर ६०० रुपये, निम्मे म्हणजे ३००, एकूण ७,५००. त्यांनी ८,००० रुपये आणले होते.

काउंटरवर सूनबाई होत्या. १० टक्के सवलतीने त्याच २५ साड्यांचे १३,५०० होतात, हे त्यांनाच सांगावे लागले. बाईंनी कात्रण पुन्हा वाचले. ‘पर्यंत’ या शब्दावर त्यांचे बोट थांबले. त्या रागावल्या नाहीत. “पेपरात तुमचं नाव होतं, म्हणून हिशेब धरून आलो,” एवढेच त्या आप्पांकडे पाहून म्हणाल्या. आप्पांनी २५ साड्या ७,५०० ला बांधून द्यायला सांगितले. बाईंनी मान हलवली. “नको आप्पा. मागच्या रांगेतल्यांना काय सांगाल?” त्यांनी १२ साड्या घेतल्या, ६,४८० रुपये मोजून दिले आणि परतीच्या एसटीची वेळ झाली म्हणून चहा न घेता निघाल्या. आप्पांनी बस्त्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे १२ हा आकडा लिहिला. वहीत बस्ता कधी असा अर्धा लिहिला जात नाही. पुढची ओळ त्यांनी कोरी सोडली.

त्या रात्री गल्ल्याचा आकडा मोठा असूनही घरात कोणी तो मोठ्याने उच्चारला नाही. सूनबाईंनी निळी फाईल उघडली, ८८ गुणांचे पत्रक बाहेर काढले आणि विचारले, “राहिलेल्या तेरा साड्या या पाचांपैकी कोणत्या बाबीत वजा करायच्या?”

उत्तर चिरंजीवांकडून आले. एरवी ते या गुणांच्या व्यवहारात कामापुरतेच भाग घेत. दुकानाच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण तेच सांभाळतात आणि तेथे दरवर्षी बँक दुकानाला गुण देते. उलाढाल, नफा, मालकाचे स्वतःचे भांडवल, तारण, खात्याची शिस्त अशा बाबी असतात आणि एकीत कमी पडलेले दुसरीत भरून निघते. नफा एखाद्या वर्षी घटला, पण तारण भक्कम असले तर श्रेणी फारशी ढळत नाही. चिरंजीव म्हणाले, “पण स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखवलेला माल तपासणीच्या दिवशी गोदामात नसला, तर बँक आपले चार गुण कापत नाही. ती बेरीजच थांबवते.”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेलं स्टॉक स्टेटमेंटच की.”

गुण देण्याच्या पद्धतीतली खरी मेख येथे आहे आणि ती केवळ जाहिरातींपुरती नाही. बेरजेचा स्वभावच असा, की ती उणिवा झाकते. शीर्षकाचे २०, भाषेचे १९, आवाहनाचे १९ मिळाले, की तपशिलाच्या बाबीत पडलेले भगदाड एकूण आकड्यात दिसेनासे होते. ज्या गोष्टींत देवाणघेवाण चालते, त्यांची बेरीज करावी. शीर्षक थोडे फिके पडले आणि दर ठळक असले, तर बिघडत नाही. परंतु सांगितलेला माल आहे की नाही, ही गोष्ट देवाणघेवाणीची नव्हे. तिला २० पैकी १२ गुण देणे म्हणजे तराजूच्या काट्याला १२ गुण देण्यासारखे झाले. काटा खरा असतो किंवा नसतो.

कायद्यानेही याची दखल घेतलेली आहे, हे व्यापारी घरांत पुरेसे ठाऊक नसते. जाहिरात व्यवसायाने स्वतःहून आचारसंहिता पाळावी, यासाठी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईत काम करते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्यापुढे जाऊन केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर आमिषाच्या जाहिरातीचा स्वतंत्र विचार आहे. जाहीर केलेल्या किमतीला माल मिळण्याची वाजवी शक्यता हवी आणि अपेक्षित मागणीला पुरेल इतका साठा हवा. गर्दीला पुरेल असे वाटावे अशा जाहिरातीमागे अकरा नग, हे त्यात कसे बसते, हे वाचकांनीच पाहावे. अर्थात, त्या रात्री घरात कायद्याचे पुस्तक कोणी उघडले नव्हते. जतची एसटी तोवर गावी पोहोचली असेल का, असे आप्पांच्या पत्नींनी दोनदा विचारले होते.

दुसऱ्या दिवशी गुणपत्रकाच्या माथ्यावर तीन चौकटी आल्या. त्यांना गुण नाहीत. जाहिरातीतला माल आज दुकानात आहे का? तो किती नग आहे, हे जाहिरातीत लिहिले आहे का? आणि तिसरी चौकट आप्पांची: काउंटरवरच्या माणसाने ही जाहिरात गिऱ्हाइकापुढे मोठ्याने वाचली, तर त्याला मान खाली घालावी लागेल का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असल्याखेरीज खालच्या पाच बाबींना हात लावायचा नाही.

गुण देणारी माणसेही बदलली. पूर्वीचे तिघे, म्हणजे चिरंजीव, सूनबाई आणि मजकूर मांडणारा छापखान्यातला गृहस्थ, हे सगळेच मालाची माहिती असणारे. ‘पर्यंत’चा अर्थ तिघांनाही आधीच ठाऊक होता, म्हणून तो शब्द त्यांना कधी खुपला नाही. आता मजकूर प्रथम दुकानाच्या पायरीशी बसून फॉल-पिको करणाऱ्या बाईंकडे जातो. त्यांना आवडले का, असे विचारायचे नाही, कारण शेठच्या घरचे विचारल्यावर कोण नाही म्हणणार? वाचून झाल्यावर कागद परत घ्यायचा आणि काय समजले ते सांगायला सांगायचे. पहिल्याच वेळी ‘आकर्षक दरात’ हे वाचून बाईंनी विचारले, “म्हंजे नक्की किती रुपयं?” भाषेचे आणि तपशिलाचे मिळून ४० गुण त्या चार शब्दांत तपासले गेले.

फाईलीत आणखी एक सुधारणा झाली आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. गुणपत्रकाला एक रकाना जोडला, जो जाहिरात छापून आल्यानंतर भरायचा. किती गिऱ्हाइके जाहिरात पाहून आली, किती बिले झाली, किती जण रिकाम्या हाताने परतले. आधीच्या मतासमोर नंतरचा हिशेब, एकाच कागदावर. आप्पांच्या गुलाबी-पिवळ्या तारेचाच हा नवा अवतार. आजपर्यंत अशा २७ जाहिरातींच्या नोंदी झाल्या आहेत. शीर्षकाला भरपूर गुण असले की चौकशीचे फोन वाढतात, बिले मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. तपशिलाला चांगले गुण असले की रिकाम्या हाताने परतणारे घटतात. एवढ्याशा नोंदींवरून सिद्धांत मांडता येत नाही. मधल्या काळात पाऊस असतो, मुहूर्त असतात, द्राक्षांचा भाव असतो. तरीही सूनबाईंनी शीर्षकाचे २० चे १५ केले आणि तपशिलाचे २५. अमेरिकेतील २१ मोठ्या जाहिरात संस्थांनी १९८२ मध्ये एकत्र येऊन जाहिरात-चाचणीची काही तत्त्वे जाहीर केली होती. एकाच मापावर विसंबू नये, हे त्यांतले एक तत्त्व. सांगलीच्या दुकानाला ते आपल्या वाटेने सापडले.

गुणांचा एक उपद्रवही त्यांना भोगावा लागला. वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीला पाच बाबी कळल्यावर तो पाचही बाबी ठासून भरलेला मजकूर आणू लागला. शीर्षक, दर, पत्ता, वेळ, नकाशा, दूरध्वनी. गुण ९० च्या वर जात आणि पान जत्रेसारखे दिसे. गुणपत्रक लिहिणाऱ्याला दाखवायचे नाही, असा नियम तेव्हा करावा लागला. परीक्षकाने प्रश्नपत्रिका फोडू नये, हे आपण शाळेत शिकलेलो असतो, दुकानात विसरतो.

त्या रविवारच्या जाहिरातीने दुकानाचे नुकसान केले की नाही, हे अजूनही ठामपणे सांगता येत नाही. बस्त्याच्या वहीत त्या हंगामात आदल्या वर्षीपेक्षा १४ घरे कमी आहेत, हे खरे. पण त्याच वर्षी मिरज रस्त्याला दोन मोठी शोरूम उघडली, हेही खरे. आप्पा १४ ही संख्या सांगतात, चिरंजीव शोरूमकडे बोट दाखवतात आणि दोघेही वही मिटून ठेवतात.

या वर्षीच्या लग्नसराईच्या जाहिरातीवर गेल्या आठवड्यात बैठक झाली. मजकूर सूनबाईंचा होता: ‘आहेराच्या साड्या ८५० रुपयांपासून’. फॉल-पिकोच्या बाईंना तो समजला होता. माथ्यावरच्या चौकटींपाशी आप्पा थांबले.

“८५० च्या किती आहेत?”

“नऊ.”

“मग ‘पासून’ कसं लिहायचं? नऊ साड्यांत एक आहेरसुद्धा होत नाही.”

सूनबाईंनी वाद घातला. ‘पासून’ हा शब्द खोटा नाही, सगळा बाजार तो लिहितो आणि तो काढला तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. त्यांचेही बरोबर होते. नुसते ‘१,१०० च्या साड्या’ असे छापले, तर शोरूमच्या जाहिरातीशेजारी ती ओळ कोणी वाचणार नाही. अर्धा तास गेला. अखेर त्यांनी फोन उचलून सुरतेच्या व्यापाऱ्याला लावला आणि त्याच प्रतीच्या ५१ साड्यांची मागणी नोंदवली. भाव आठ रुपयांनी चढा पडला. आप्पांनी मान हलवली. जाहिरातीत ओळ आली: ‘८५० रुपयांच्या ६० साड्या’. खालच्या पाच बाबींत शीर्षकाला १५ पैकी ९ मिळाले आणि एकूण बेरीज ७६ झाली. काठावर, पण उत्तीर्ण.

शुक्रवारी दुपारी चार वाजता वर्तमानपत्राचा प्रतिनिधी आला. चहा झाला. बिल्टी हातात होती, गठ्ठा मात्र ट्रान्सपोर्टच्या गोदामात अजून उतरलेला नव्हता. प्रतिनिधी घड्याळाकडे पाहत होता. सूनबाईंनी गुणपत्रक पुढ्यात ओढले, पेनाचे टोपण काढले, पहिल्या चौकटीकडे पाहिले आणि टोपण परत लावून चिरंजीवांना स्कूटर काढायला सांगितले.